डावा पाय

ग्रीनव्हिलला आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर बेसबॉलचं एक छोटं स्टेडियम आहे, फ्लोर फील्ड. २००६ साली झालं. बॉस्टनच्या रेड सॉक्सचा ज्युनियर संघ इथे खेळतो, म्हणून बांधताना मापं घेतली तीच मुळी बॉस्टनच्या फेनवे पार्कची, डाव्या बाजूच्या त्या प्रसिद्ध हिरव्या भिंतीसकट, फक्त इथली जरा बुटकी. आम्ही साउथ कॅरोलायनात आलो तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लेकीला शाळेतून तिकिटं मिळाली म्हणून एका शनिवारी गेलो आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सत्तरीपुढचे गृहस्थ येऊन बसले. लेकीपेक्षा मीच त्यांना जास्त प्रश्न विचारले. सगळे क्रिकेटच्या भाषेत. पिचर म्हणजे बॉलर ना, मग त्याचा रनअप कुठाय?

ते म्हणाले रनअप नसतो, सगळा जोर मागच्या पायाचा. मधल्या मातीच्या उंचवट्यावर एक रबराची पट्टी बसवलेली असते, तिला पाय टेकवून उभं राहायचं आणि त्याच पायाने जमीन मागे ढकलत अख्खं अंग पुढे झोकून द्यायचं. उजवा असेल तर उजवा पाय, डावखुरा असेल तर डावा. मग थोडं थांबून म्हणाले, आमच्याकडे वेअर शोल्स गावचा एक डावखुरा पिचर होता, लू ब्रिसी, इटलीत तोफगोळ्याने त्याच्या डाव्या पायाच्या हाडाचे तीस तुकडे झाले, आणि तो त्यानंतर मेजर लीगला, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगला, खेळला. माझ्या वडिलांनी त्याला मिलच्या टीममधून खेळताना बघितलंय.

खरं सांगते, तोफगोळ्याच्या आधी माझ्या कानाने 'मिल' पकडलं. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाचं असंच होतं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून मुंबईला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. बदलीला रोज भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी आला नाही तर काम, नाहीतर परत घरी. ते परमनंट झाले ते कबड्डीमुळे. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम आणि संध्याकाळी गिरणीच्या टीमकडून चढाया. त्या काळी गिरण्यांच्या टीम्स जोरात होत्या आणि चांगला चढाई करणारा पोरगा दिसला की त्याला नोकरी द्यायचे. हे सगळं मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की तात्यांची एकेक चढाई मला पाठ आहे.

आणि इथे, सात समुद्रापलीकडे, हुबेहूब तीच व्यवस्था होती! ग्रीनव्हिलला एकेकाळी जगाची कापड राजधानी म्हणायचे. आजूबाजूच्या प्रत्येक गावात नदीच्या धबधब्याशी एक कापड गिरणी, गिरणीभोवती कंपनीने बांधलेली लाकडी घरं, कंपनीचंच दुकान, आणि कंपनीची बेसबॉल टीम. शनिवारी दुपारी काम सुटलं की सगळा गाव मैदानावर. डोक्यावर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे म्हणून शहरातले लोक या कामगारांना हिणवायचे, पण बॅट हातात असली की तोच पोरगा हिरो. चांगला खेळणाऱ्याला गिरण्या एकमेकींकडून पळवून न्यायच्या. स्टेडियमसमोर ज्याचं म्युझियम आहे तो गाजलेला खेळाडू शूलेस जो जॅक्सन याच शहरातल्या ब्रँडन मिलमध्ये लहान पोर असल्यापासून राबला आणि तिथल्याच टीममधून वर आला. एक मात्र सांगितलंच पाहिजे, हे सगळं गोऱ्या कामगारांचं जग होतं. १९१५ च्या कायद्याने या राज्यात काळ्या माणसाला गिरणीच्या खात्यात गोऱ्याच्या शेजारी उभं राहायलाच बंदी केली होती, त्यांना हमालीची, झाडलोटीची कामं, आणि बेसबॉल खेळायचा तर आपली वेगळी टीम काढून. गिरणगावावर कितीही जीव असला तरी आपल्याकडेही साचेखात्यात दलित कामगारांना घेत नसत हे आठवतंच, धागा तुटला की तोंडाने ओढून जोडावा लागायचा आणि म्हणे विटाळ होतो. दोन्हीकडचं चांगलं सांगायचं तर दोन्हीकडचं हेही सांगायला हवं.

त्या शनिवारनंतर मी लू ब्रिसीबद्दल मिळेल ते वाचत गेले.

जन्म ५ जून १९२४, अँडरसन गावात, इथून पाऊण तासावर. उंची सहा फूट चार इंच. शाळकरी वयातच वेअर शोल्सच्या गिरणीच्या टीममध्ये मोठ्या बाप्यांविरुद्ध पिचिंग करायचा. १९४१ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला नेऊन कॉनी मॅकसमोर उभं केलं. हा कॉनी मॅक म्हणजे फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा मालकही आणि मॅनेजरही, तेव्हाच जवळजवळ ऐंशीचा म्हातारा, डगआउटमध्ये युनिफॉर्मऐवजी सूट-टाय घालून बसायचा. त्याला पोरगा आवडला, पण लूच्या वडिलांचं म्हणणं आधी कॉलेज. मॅकने ते मान्य केलं. कुठल्याही मराठी घरात झाली असती अशी ही बोलणी वाचून मला फार बरं वाटलं. मग पोरगा क्लिंटनच्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात गेला आणि पुढच्याच वर्षाच्या शेवटी फौजेत.

८८ वी इन्फंट्री डिव्हिजन, इटली. १९४४ चा हिवाळा, बोलोन्याच्या दक्षिणेचे अ‍ॅपेनाइन डोंगर, जर्मनांनी वरून तोफा लावलेल्या आणि खाली गुडघाभर चिखल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या तुकडीवर तोफांचा मारा झाला. आजूबाजूची बरीच पोरं जागीच गेली. लूचं डावं नडगीचं हाड तीसेक तुकड्यांत फुटलं, पाऊल आणि घोटाही मोडला, आणि तो थंडीत ओढ्याकाठच्या चिखलात कितीतरी वेळ तसाच पडून होता. वय वीस.

इथे मला थांबावं लागलं, कारण हा डोंगर आणि हा चिखल मी आधी ऐकलेला होता. माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. गावी जाताना एसटी माणगावात थांबली की तात्या खिडकीतून त्या दिशेला हात जोडायचे, दर वेळी, आणि मला म्हणायचे, आपल्या पळसगावचा पोरगा हो, इटलीत गेला. नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. समोरून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले, हे एकटे उभे राहिले. धावत जाऊन ग्रेनेड टाकला, त्याने गन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले, मग एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग लपलेल्या स्नायपर्सच्या गोळ्यांनी पडले. बावीस वर्षांचे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मृतदेह मिळाला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलंय. आता त्या खोऱ्यातल्या माँतोने गावात इटालियन लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारकही केलंय, २०२३ मध्ये. १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतच सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी असंच काही केलं, तेही मराठा, ते जिवंत परत आले.

म्हणजे गिरणीगावचा हा अमेरिकन पोरगा आणि आमच्या तालुक्यातली, देशावरची पोरं त्या एका वर्षात त्याच इटलीत, उत्तरेकडे सरकणाऱ्या त्याच लढाईत होती. ती एकमेकांना कधी भेटली नसतील. पण मी आजवर इटलीची लढाई म्हणजे पुतळा आणि हात जोडणं एवढंच धरून होते, गोळा लागल्यावर जिवंत राहिलेल्याचं पुढे काय होतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

तर पुढे काय झालं. फील्ड हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले पाय कापावा लागेल. त्या काळात, त्या परिस्थितीत, त्यांचं बरोबरच असणार, जीव वाचवायचा तर तोच उपाय होता. पण लू हात जोडून सांगत राहिला की मी बॉल प्लेयर आहे, पाय कापू नका. एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात करत करत नेपल्सला पोचला, तिथे डॉ. विल्बर ब्रुबेकर नावाचे सर्जन भेटले आणि ते म्हणाले बघू प्रयत्न करून. हाडाचे तुकडे तारेने बांधले. पेनिसिलिन तेव्हा नुकतंच आघाडीवर पोचायला लागलं होतं, दहा वर्षं आधीचं युद्ध असतं तर पाय काय, माणूसच वाचला नसता. एकूण ऑपरेशन्स झाली तेवीस. आणि या सगळ्यात कॉनी मॅकचं पत्र आलं, तू तयार झालास की तुला संधी द्यायची माझी जबाबदारी, अशा अर्थाचं. ऐंशी उलटलेला माणूस विशीतल्या पांगळ्या पोराला असं लिहितो. मला या अख्ख्या गोष्टीत सगळ्यात मोठी माया त्या पत्रात दिसते, कारण त्याला ते लिहायची काही गरज नव्हती आणि पाळायची तर अजिबातच नव्हती.

त्याने ते पाळलं. १९४६ ला लू कुबड्या टाकून फिलाडेल्फियात सरावाला आला, पण हाडात पुन्हा जंतुसंसर्ग झाला, परत हॉस्पिटल. १९४७ मध्ये त्याला सव्हानाला खालच्या लीगमध्ये पाठवलं. तिथे त्याने २३ मॅचेस जिंकल्या, हरल्या फक्त ५. पायावर अ‍ॅल्युमिनियमचं कवच बांधून. आणि हा तोच पाय बरं का! डावखुरा पिचर, डावा पाय. प्रत्येक चेंडूला जो पाय जमीन ढकलतो तो. उजवा पाय गेला असता तर तो फक्त खाली टेकायचा पाय आहे, त्यातही दुखलंच असतं, पण इथे तर इंजिनच फुटलेलं. एका मॅचमध्ये शंभराच्या वर चेंडू टाकायचे म्हणजे शंभर वेळा त्या बांधलेल्या हाडावर सगळं अंग तोलायचं. त्याला आपली फेकण्याची अख्खी ढब मोडून नवी बसवावी लागली. २८ सप्टेंबर १९४७ ला तो यँकी स्टेडियमवर पहिली मेजर लीग मॅच खेळला. हरला. पण खेळला.

आणि मग १९ एप्रिल १९४८, बॉस्टन, फेनवे पार्क. ज्या मैदानाच्या मापात आमचं स्टेडियम कापलंय ते. समोर बॅटिंगला टेड विल्यम्स, त्या काळातला सगळ्यात भारी बॅट्समन, आणि तोही युद्धात नेव्हीच्या विमानांवर शिकून आलेला. विल्यम्सने एक सणसणीत सरळ फटका मारला, तो थेट लूच्या डाव्या पायावर. त्या कवचावर. आवाज अख्ख्या मैदानात ऐकू गेला म्हणतात. चेंडू उसळून लांब गेला आणि लू मातीत कोसळला. विल्यम्स पहिल्या बेसवरून धावत त्याच्याकडे आला, तोंडचं पाणी पळालेलं. आणि लू पडल्या पडल्या त्याच्यावरच खेकसला, तू तर चेंडू ओढून मारणारा ना, मग सरळ कशाला मारतोस, अशा अर्थाचं काहीतरी. उठला. मॅच पूर्ण टाकली. अ‍ॅथलेटिक्स ४-२ ने जिंकले.

इथे कोणीही टाळ्याच वाजवेल. मीही वाजवल्या, मनातल्या मनात, आणि लेकीला रात्री झोपताना हीच गोष्ट सांगितली. पुढच्या सीझनला, १९४९ मध्ये त्याने १६ मॅचेस जिंकल्या आणि ऑल-स्टार संघात गेला, तेही सांगितलं. ती म्हणाली, मग त्याचा पाय बरा झाला?

नाही झाला. हीच गोष्ट मला सांगायची आहे आणि तिच्याकडे मीही आधी लक्ष दिलं नव्हतं. पाय कधीच बरा झाला नाही. रोज सकाळी पट्ट्या, रोज रात्री पट्ट्या सोडणं, मधेच हाडातलं दुखणं उठणं, ताप, औषधं. १९५० साली १९ मॅचेस हरला. १९५१ मध्ये त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं आणि १९५३ नंतर खेळणंच संपलं. सगळ्या करिअरचा हिशेब ४४ जिंकल्या, ४८ हरल्या. नुसता स्कोअरकार्ड बघणाऱ्याला हा एक बरा पिचर, बस. वयाच्या तिशीच्या आत. आणि त्यानंतर तो आणखी साठ वर्षं जगला, त्याच पायावर. २५ नोव्हेंबर २०१३ ला ऑगस्टाला गेला, वय ८९. म्हणजे फेनवे पार्कमधला तो क्षण दहा मिनिटांचा असेल आणि पट्टी बांधणं एकोणसत्तर वर्षांचं.

ती साठ वर्षं त्याने काय केलं तर आधी अमेरिकन लीजनच्या बेसबॉलचं काम बघितलं, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेची शाळकरी मुलांची देशभरातली लीग. मग पोरं शोधणं, शिकवणं. आणि या सगळ्यात हॉस्पिटलं. खेळत होता तेव्हासुद्धा ज्या शहरात मॅच असेल तिथल्या जखमी सैनिकांना भेटायला जायचा, आणि म्हातारपणी, स्वतः कुबड्या घेऊन, इराक-अफगाणिस्तानहून पाय गमावून आलेल्या पोरांशी बोलायला. पाय गमावलेला माणूस त्याला काय विचारत असेल? फेनवे पार्कचं नक्कीच नाही. मला वाटतं तो विचारत असेल रात्री झोप कशी लागते, पट्टी ओली झाली तर काय करायचं, जिना कसा चढायचा. आणि ही उत्तरं त्याच्याकडेच होती.

मागच्या महिन्यात मी एकटीच गाडी काढून वेअर शोल्सला जाऊन आले. गाव बारकं. सलूडा नदी खडकांवरून खळाळत जाते, तिच्यावरच गिरणी उभी होती, ऐंशीच्या दशकात बंद पडली. १९८२ चा संप, मग एकेक गिरणी बंद, मग टॉवर आणि मॉल, हे आम्ही ज्या दशकात बघितलं त्याच दशकात इथलेही भोंगे थांबले हे मला माहीत नव्हतं. ग्रीनव्हिलच्या ब्रँडन मिलमध्ये आता अपार्टमेंट्स आहेत, विटा तशाच ठेवल्यात आणि भाडं भरपूर. वेअर शोल्सला तेवढंही नाही. मी नदीकाठी दगडावर बसून डबा खाल्ला, पोळी-भाजी, आणि समोरच्या पाण्याचा आवाज साच्यांच्या आवाजासारखा येतोय का असं उगाच ऐकत बसले. साच्यांचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही खरं तर, तात्यांनी तोंडाने करून दाखवलेला तेवढाच.

आणि तिथे मला तात्यांचा गुडघा आठवला.

कुठल्याशा स्पर्धेच्या फायनलला चढाईत त्यांना तिघांनी मिळून धरलं आणि गुडघा फिरला, तरी ते रेषेला हात लावून आले. गिरणी जिंकली. ही चढाई घरात हजार वेळा सांगितली गेली, पाहुणे आले की हमखास, आणि तात्या स्वतः रंगवून सांगायचे. पण त्यानंतर ते परत खेळले नाहीत हे कोणी सांगायचं नाही. गिरणीने उपचाराला एक पैसा दिला नाही, खेळताना लागलं ते काही कामावर लागलेलं नव्हे, असं उत्तर आलं. पुढे बावीस वर्षं त्याच गुडघ्यावर ते साच्यांसमोर आठ आठ तास उभे राहिले. संध्याकाळी घरी आले की खाटेवर बसून पायजमा वर करायचे आणि तिळाचं तेल कोमट करून चोळत बसायचे, आजी दिवाबत्ती करायची, आम्ही पोरं आजूबाजूला पत्ते खेळायचो. ते चोळणं आमच्या घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं होतं, होतं म्हणून कोणाला ऐकूच येत नव्हतं. मी त्यांना चढाईबद्दल शंभर प्रश्न विचारले असतील. दुखतं का, हा एकदाही विचारला नाही. ते गेले तेव्हा मी अकरावीत होते, म्हणजे विचारायचं वय होतं.

नदीकाठावरूनच आईला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, ती घाबरलीच, काय गं बरं आहे ना सगळं. म्हटलं बरं आहे. तात्यांचा कुठला गुडघा गेला होता गं, डावा की उजवा?

आई बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

"असं कसं आठवत नाही मला," ती म्हणाली. "रोज तेल तर मीच गरम करून द्यायची." मग परत थोडा वेळ काही नाही, नुसता पंख्याचा आवाज. "थांब. चाळीचा जिना चढताना ते उजवा पाय आधी टाकायचे. प्रत्येक पायरीला उजवा, मग दुसरा ओढून वर घ्यायचे. मी मागे पिशव्या घेऊन असायची ना, मला पाय दिसायचे त्यांचे."

"मग डावा."

"हो गं," आई म्हणाली. "डावाच."